तांबट आळीचा एक तास

कासारी नगरपरिषदेच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना रेवती तांबटने आपल्या जाहीरनाम्याच्या चार हजार प्रती छापून घेतल्या. पिवळ्या कागदावर पाच कलमं होती, पण लोक पहिलंच वाचायचे आणि घडी करून कागद खिशात टाकायचे. पहिलं कलम होतं, प्रभाग सहामध्ये चोवीस तास पाणी.

रेवतीच्या तोंडी ते शोभतही होतं. चौदा वर्षं तिने या प्रभागात पाण्याचे मीटर वाचले होते. प्रत्येक घराच्या मोरीपर्यंत तिचे पाय पोचलेले. कुणाच्या नळाला करंगळीएवढी धार येते, कुठली म्हातारी पहाटे उठून पिंप भरते, कुणाचं कुत्रं चावरं आहे, सगळं तिला पाठ. मग मीटर स्वतःचे आकडे स्वतःच पाठवायला लागले आणि तिच्यासारख्या अकरा जणींचं काम गेलं. काम गेलं तरी बायका तिला रस्त्यात गाठून पाण्याचंच रडगाणं सांगत राहिल्या. शेवटी नुसतं ऐकून घेण्यापेक्षा उभंच राहावं, असं तिने ठरवलं आणि अपक्ष म्हणून अर्ज भरला.

समोर होते जयवंत काटकर. दोनदा निवडून आलेले, गावात वजन असलेले. जादा दाबाच्या नव्या योजनेची चाचणी चार जानेवारीला प्रभाग सहामध्ये व्हायची होती, मतदान बाराला. म्हणजे मतदानाच्या आदल्या आठवड्यात नळ दिवसभर वाहणार आणि काटकर म्हणणार, बघा, मी आणलं. रेवती म्हणत होती, आणलं खरं, पण आळीच्या टोकाच्या घरापर्यंत ते पोचतंय की नाही हे कोण बघणार? लोकांना तिचं पटत होतं. हवा तिच्या बाजूने फिरायला लागली होती.

अशात एका सकाळी शबानाचा फोन आला. "कॉलेजवर येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

शबाना पटवेकर तिची शाळेपासूनची मैत्रीण. आता गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होती आणि वर्षभर एका विचित्र प्रयोगात बुडाली होती. इंटरनेटसाठी रस्त्याखालून टाकलेल्या काचतारांमधून ती जमिनीचा आवाज ऐकत होती.

"काचेची तार काय ऐकणार?" रेवतीने पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा शबानाने तिला नीट समजावलं होतं. तार केसासारखी बारीक असते, पण तिच्या काचेत ठिकठिकाणी न दिसणारे कण आणि खोट असते. तारेत प्रकाशाचा एक टिपका सोडला की प्रत्येक खोटीवरून त्याचा किंचित अंश मागे उसळतो. तो किती वेळाने परत आला, यावरून तो कितव्या मीटरवरून आला ते कळतं. आता वरून ट्रक गेला, कुणी पावलं वाजवत चाललं, पाइपातून पाणी फिस्सकन बाहेर आलं, की जमीन थरथरते. जमिनीबरोबर तारही कणभर ताणली जाते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. सेकंदाला हजार वेळा असे टिपके सोडले की गावाखालच्या चाळीस किलोमीटर तारेचे चाळीस हजार कान होतात. नवं काही खणायला नको, पुरायला नको. तार आधीच तिथे आहे.

त्या कानांनी गेल्या सहा महिन्यांत गावातल्या सत्तर गळत्या शोधून दिल्या होत्या. आज मात्र शबानाने पडद्यावर जो नकाशा लावला, त्यात मध्येच एक करडी पट्टी होती. तिथे काहीच नव्हतं.

"ही आमची आळी," रेवती म्हणाली.

"हो. तिथे मला कधीच काही ऐकू येत नाही. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत तुम्ही तांबं ठोकता, आणि नंतर पहाटेपर्यंत पॉलिशची यंत्रं चालतात. त्या गोंगाटात गळतीचा आवाज बुडतो. यंत्राने ती आळी सोडून दिली होती. पण गेल्या बुधवारी दुपारी दोन तास सगळं एकदम शांत झालं. का गं?"

"भिकूकाका गेले त्या दिवशी. आळीत मयत असली की कुणी हातोडा उचलत नाही."

शबानाने त्या करड्या पट्टीवर बोट ठेवलं. "त्या दोन तासांत दोन आवाज आले. एक गळतीचा, मोठा. दुसरा खालचा, घुमल्यासारखा. भरीव जमीन अशी घुमत नाही. रेवती, आळीखाली पोकळी आहे. जुना पाइप वर्षानुवर्षं गळतोय, ते पाणी खालच्या दगडी गटारात जातंय आणि जाताना माती घेऊन जातंय."

"आणि आता चोवीस तास पाणी, तेही जादा दाबाने?"

"आता दिवसाला एक तास येतं. विचार कर."

"किती दिवसांत खचेल?"

"ते कुणीच सांगू शकत नाही. आठवडा लागेल, वर्षही लागेल. मला खात्री करायला एक पूर्ण तास हवाय. हातोडा नाही, मिक्सर नाही, गाडी नाही. माणसांनीसुद्धा एका जागी बसायचं."

आळीला गप्प बसवायचं म्हणजे अण्णांना विचारायला हवं होतं. दामोदर तांबट म्हणजे रेवतीचे सासरे, वय चौऱ्याहत्तर, आळीचे पंच. त्यांच्या हाताखाली शिकलेले कारागीर आता स्वतःच आजोबा झाले होते. मोठमोठ्या हॉटेलांना त्यांची घंगाळी जायची. मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या घावांनी अंगभर चमकणारी. रेवतीने सगळं सांगितलं. अण्णांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"त्या काचेच्या तारेला एक तास हवाय?"

"हो अण्णा. रविवारी अकरा ते बारा."

"घे. पण भलतंसलतं काही निघालं तर मला आधी सांग. चौकात नाही."

रविवारी अकराला तांबट आळी थांबली. एकतीस घरं, एकशे बेचाळीस माणसं, कुणी ओट्यावर, कुणी उंबऱ्यात. गाड्या दोन्ही तोंडांना अडवलेल्या. पहिली पाच मिनिटं लोक एकमेकांकडे बघून हसत होते. नंतर हसू ओसरलं. एवढी शांतता कुणाच्याच ओळखीची नव्हती. कुठल्यातरी घरातलं घड्याळ रस्त्यावर ऐकू येत होतं. एक तान्हं रडलं तशी त्याच्या आईने त्याला लगेच पदराखाली घेतलं. रेवती भिंतीला टेकून बसली होती. तळपायाखालच्या फरशीकडे ती पहिल्यांदाच असं निरखून बघत होती.

संध्याकाळी शबानाचा निरोप आला. शंका उरली नव्हती. अण्णांच्या कारखान्यापासून पलीकडच्या चार घरांपर्यंत जमीन पोकळ होती. रेवतीने ठरल्याप्रमाणे ते आधी अण्णांना सांगितलं, मग ती नगरपरिषदेत गेली.

मुख्याधिकारी देवरे माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. "बाई, हा कॉलेजचा प्रयोग आहे, मान्यताप्राप्त तपासणी नाही. आचारसंहिता लागली आहे. चाचणीची तारीख जाहीर झाली आहे. शिवाय मुख्य लाइन तुमच्या आळीतूनच जाते. तिथला वॉल्व्ह बंद ठेवला तर सगळ्या प्रभागाची योजना दोन-तीन महिने लांबेल. आणि ही मागणी कोण करतंय? उमेदवार."

"मग काहीच होणार नाही?"

देवरेंनी पेन टेबलावर ठेवलं. "आळीतल्या प्रत्येक घराने सहीनिशी लिहून दिलं की आम्हाला सध्या पाणी नको, जमीन तपासा, तोवर घरं रिकामी करतो, तर मी थांबवू शकतो. प्रत्येक घराने. एकही कमी चालणार नाही."

बाहेर आल्यावर तिची जाऊ शैला वाट बघत होती. प्रचाराची सगळी धुरा शैलाने उचललेली. सगळं ऐकून ती म्हणाली, "बारा तारखेनंतर सांग. इतकी वर्षं जमीन टिकली, चार दिवसांत काय होणार आहे? निवडून आलीस तर स्वतःच्या अधिकारात बंद करशील. आता बोललीस तर पाणी अडवणारी म्हणून तुझं नाव होईल, आणि तेही काटकर करतील."

त्या दुपारी रेवती ठरल्याप्रमाणे पत्रकं वाटायला गेली. कुंभारवाडा, मग मारुतीची बोळ, मग नवी वसाहत. तीन ठिकाणी तिने पहिलं कलम वाचून दाखवलं आणि तीनही ठिकाणी पोकळीचं सांगायचं टाळलं. नव्या वसाहतीत एका बाईने तिचा हात धरला. "ताई, तुमचंच खरं. पाणी भरून भरून माझ्या सुनेची कंबर गेली. तुम्ही बोललात म्हणजे येणार."

रेवतीने हात सोडवून घेतला. तिला वाटलं, चौदा वर्षं मी आकडे वाचले, एकदाही चुकीचा लिहिला नाही. आता मात्र लिहितेय. ती उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून सरळ घरी आली.

अण्णा सहीला तयार होईनात. "मी चौकात सांगितलंय, माझी सून पाणी देणार. आता मीच लिहून देऊ, पाणी नको? लोक काय म्हणतील? आणि त्या नकाशातल्या रंगांवरून मी घर सोडायचं?"

"रंग बघू नका. ऐका," रेवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शबानाला जमिनीचं ध्वनिमुद्रण घेऊन यायला सांगितलं. जमिनीचे ते थरथराट इतके खालच्या पट्टीतले होते की माणसाच्या कानाला ऐकू येणं शक्य नव्हतं. शबानाने ते चढवून ऐकण्याजोगे केले होते. आधी तिने मारुतीच्या बोळीखालची जमीन ऐकवली. बोथट, जड आवाज. मग तांबट आळीखालची.

अण्णांनी मान तिरकी केली. "परत लावा."

शबानाने परत लावलं. अण्णा उठले. कोपऱ्यातून एक अर्धवट झालेला हंडा आणला, त्याच्या बुडावर बोटाने टिचकी मारली, ऐकलं. मग खांद्याजवळ मारली. पुन्हा ते ध्वनिमुद्रण ऐकलं.

"पत्रा ठोकून ठोकून पातळ होतो ना," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा भांडं असं बोलतं. नवा कारागीर खूश होतो, वाटतं काय गोड नाद आहे. जुना माणूस तिथेच हात थांबवतो. अजून दोन घाव घातले की भोक पडणार." त्यांनी शबानाकडे बघितलं. "हे वर कुठे आहे? माझ्या कारखान्याच्या खाली?"

"हो अण्णा. भट्टीच्या बाजूला."

"तिथे माझे चार कारागीर बसतात." त्यांनी रेवतीपुढे हात केला. "आण तो कागद."

पहिली सही त्यांची झाली. पुढच्या सह्या रेवतीने एकटीने, दारोदार हिंडून घेतल्या. काही घरांत लगेच मिळाली, काही ठिकाणी तिला तास-दीड तास बसावं लागलं. कुठे जायचं, भट्टी कुठे लावायची, लग्न तोंडावर आलंय त्याचं काय, सगळे प्रश्न खरे होते आणि सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे नव्हती. शाळेच्या खोल्या आणि मंगल कार्यालय मिळवायला शैला, नाक मुरडत का होईना, धावपळ करत होती. एकतिसावं घर काटकरांच्या जुन्या कार्यकर्त्याचं, बबन पिंपळेचं.

"ही तुझी चाल आहे," तो म्हणाला.

"असेल. तू सही कर आणि मत काटकरांना दे. मला चालेल."

आतून त्याची नात बाहुली ओढत आली आणि फरशीवर बसली. बबनने फरशीकडे बघितलं, आणि सही केली.

तीन जानेवारीला वॉल्व्ह बंद झाला आणि त्याच दुपारी काटकरांच्या गाडीवरचा कर्णा प्रभागात फिरायला लागला. आम्ही पाणी आणलं, यांनी अडवलं. रेवतीकडे अजून दोन हजार पत्रकं शिल्लक होती. मंगल कार्यालयात आळीतल्या बायका मांडी घालून बसल्या आणि प्रत्येक पत्रकावरचं पहिलं कलम पेनाने खोडून वर लिहू लागल्या: आधी जमीन तपासू, मग पाणी. ती पत्रकं घेऊन रेवती पुन्हा त्याच बोळांतून गेली. नव्या वसाहतीतल्या त्या बाईने कागद वाचला, परत दिला आणि दार लावलं. रेवती पुढच्या दाराकडे वळली.

आठ तारखेला सकाळी खोदाई सुरू झाली. रिकाम्या आळीत फक्त पालिकेचे लोक, शबाना, रेवती आणि हट्टाने आलेले अण्णा. कारखान्याबाहेरची फरशी काढली, खालची माती फावड्याने सारली. दुसऱ्या फावड्याला माती वर आलीच नाही. ती खाली गेली. पडल्याचा आवाज उशिरा आला, आणि सगळे दोन पावलं मागे सरले.

मुकादमाने पोटावर झोपून आत विजेरी धरली. खाली एक खोलीच होती. दिसली तेवढीच पंधरा फूट लांब, माणूस उभा राहील एवढी उंच, तळाशी काळं पाणी. अण्णांच्या भट्टीखाली छत म्हणून वीतभर माती उरली होती.

बातमी पसरली तसे काटकरही आले. दोराने अडवलेल्या जागेपाशी उभे राहून त्यांनी भोकात बघितलं. तोंडावरचं हसू केव्हाच गेलं होतं.

"किती माणसं राहतात इथे?"

"एकशे बेचाळीस," रेवती म्हणाली.

दुपारनंतर काटकरांच्या गाडीवरचा कर्णा बंद झाला तो मतदानापर्यंत.

रेवती निवडणूक हरली. त्रेसष्ट मतांनी. आळीने तिला भरभरून मतं दिली, पण प्रभागातल्या बाकीच्या बोळांना पाणी हवं होतं, आणि ते लांबलं होतं हे खरंच होतं. निकालानंतर ती मंगल कार्यालयात परतली तेव्हा बायकांनी डोळ्याला पदर लावले. अण्णा सतरंजीवर बसून चहा पीत होते.

"रडताय कशाला? नव्वद मतदार जिवंत आहेत. पुढच्या वेळेला कामाला येतील," ते म्हणाले, आणि मग कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांनी बशी सुनेपुढे सरकवली. तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. रेवतीने बशी घेतली आणि फुंकर घालून चहा प्यायली.

आठ दिवसांनी काटकर आले. बूट दाराबाहेर काढून, एकटे.

"स्वीकृत सदस्याची एक जागा आमच्या गटाकडे आहे," त्यांनी थेट विषय काढला. "पाण्याची माहिती असलेलं माणूस हवंय. तुमचं नाव द्यायचं म्हणतोय."

"तुमचे लोक चिडतील."

"चिडलेत. पण त्या भोकात बघितल्यापासून मला झोप लागत नाही, रेवतीताई. चार तारखेला वॉल्व्ह उघडायला मीच हार घालून उभा राहणार होतो." मग त्यांनीच पुढे जोडलं, "आणि तुमच्या आळीची मतंही मला हवीच आहेत. खोटं कशाला बोलू?"

रेवतीला हसू आलं. "माझी अट आहे. प्रत्येक प्रभागाने महिन्यातून एक तास गप्प बसायचं, पाळीपाळीने. काय ऐकू आलं ते त्याच आठवड्यात चौकातल्या फळ्यावर लागलं पाहिजे, चांगलं असो की वाईट. आणि तारेने जमिनीचंच ऐकायचं. कोण कुठे चाललं, कुणाच्या दारात कोण आलं, याची नोंद ठेवायची नाही. शबानाने तसं यंत्र बांधून दिलंय, पण ठरावात आलं पाहिजे."

"अख्खा बाजार एक तास गप्प? बसतील लोक?"

"सांगून बघू."

रेवतीची नेमणूक झाली, ठराव मंजूर झाला आणि पहिल्या तासाला प्रभाग तीनची पाळी आली, मंडईमागच्या वस्तीची. निम्मे लोक गप्प बसले नाहीत. दोन रिक्षावाले भांडले, एका गिरणीवाल्याने मुद्दाम गिरणी चालू ठेवली. दुसऱ्या महिन्यात काटकर स्वतः त्या गिरणीच्या पायरीवर जाऊन बसले, आणि गिरणी थांबली. मार्चअखेर प्रभाग तीनमधल्या चौदा गळत्या निघाल्या. तेरा साध्या होत्या. चौदाव्या जागी शबानाने नकाशावर लाल खूण केली आणि रेवतीला घराचा नंबर दिला.

रेवती सकाळी दहाला तिथे गेली. बोळ अरुंद, घर विटांचं, दारात तुळशीऐवजी डब्यात लावलेला कढीपत्ता. घर लीलाबाई गवंडे नावाच्या बाईचं, एवढंच तिला माहीत होतं. तिने कडी वाजवली. पूर्वी मीटर वाचला की ती आकडा सांगून लगेच पुढच्या दाराला जायची. आज पुढे जायचं नव्हतं.

दार उघडलं. साठीच्या बाई, हात कणकेने भरलेले.

"मी नगरपरिषदेकडून आले. रेवती तांबट."

"माहीत आहे," लीलाबाई म्हणाल्या. "परवा तासभर गप्प बसलो होतो आम्ही. नातवाला मांडीवर घट्ट धरून. तेव्हापासून वाटच बघतोय, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून. काही वाईट आहे का?"

"आहे," रेवती म्हणाली. "पण वेळेवर कळलंय. जरा बसून बोलावं लागेल."

लीलाबाईंनी हात पदराला पुसले आणि आत जाऊन चटई अंथरली.